हेलपाट्यांचा हिशेब

माझी मोठी आई 68 वर्षांची आहे. शुगर आहे, बीपीही आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून तालुक्याचा सरकारी दवाखाना 22 किलोमीटर. सकाळची एसटी साडेसातला, ती चुकली की काळीपिवळीत कोंबून घ्यायचं. दिवाळीनंतर, ऐन वेचणीत, ती सुनेला सोबत घेऊन तीनदा दवाखान्यात गेली. पहिल्यांदा मशीन बंद होती म्हणून शुगर तपासली गेली नाही. दुसऱ्यांदा तपासली, पण गोळ्यांचा स्टॉक संपला होता. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि गोळ्या बाहेरच्या मेडिकलमधून घ्याव्या लागल्या. तिसऱ्यांदा गोळ्या मिळाल्या, पंधरा दिवसांच्या. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "सारं फुकट हाये म्हन्तेत बापू, पन फुकटापायी लय पैसे चालले."

मी मास्तरकीतून निवृत्त झालेला माणूस, हिशेबाची खोड जात नाही. केसपेपरच्या मागच्या बाजूवर मांडून पाहिला. सून वेचणीला गेली असती तर दिवसाचे 300 रुपये हाती आले असते, म्हणजे तीन दिवसांचे 900. जाण्यायेण्याचे दोघींचे मिळून दर फेरीला 120. एसटीत बायांना अर्धं तिकीट असल्यामुळे एवढ्यात भागलं, नाहीतर जास्त. मेडिकलचे 210. चहा आणि आलूबोंडा धरून नव्वदेक. झाले 1,560. यातला एकही रुपया सरकारी दवाखान्याने घेतलेला नाही, हे मान्य केलं पाहिजे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये मात्र मोठी आई तीनदा नोंदली गेली. ओपीडीचे तीन पेशंट. महिन्याच्या अहवालात ती संख्या वर गेली असणार, आणि कोणीतरी त्या अहवालाकडे पाहून म्हणालं असणार की तेवढ्याच डॉक्टरांत, तेवढ्याच पैशांत आपण जास्त पेशंट तपासतो आहोत.

आरोग्यव्यवस्थेची कार्यक्षमता म्हणतात ती हीच. कमी पैशांत जास्त काम. देशादेशांची तुलना याच मापाने होते, आणि माझं भांडण त्या मापाशी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2000 साली 191 देशांच्या आरोग्यव्यवस्थांना क्रमांक दिले. फ्रान्स पहिला, इटली दुसरा, अमेरिका 37 वी, श्रीलंका 76 वा, भारत 112 वा. कल्पना वाईट नव्हती. देशाकडे जेवढा पैसा आहे आणि लोक जेवढे शिकलेले आहेत तेवढ्यात किती साधता आलं असतं, आणि प्रत्यक्षात किती साधलं, हे पाहायचं. पण अडचण अशी की बहुतेक देशांबाबत बऱ्याच गोष्टी मोजलेल्याच नव्हत्या. दुसऱ्या देशांच्या आकड्यांवरून अंदाजाने भरलेल्या होत्या. त्या अहवालाचे संपादक फिलिप मसग्रोव्ह यांनीच पुढे 2010 मध्ये लिहून टाकलं की त्या क्रमांकांना काही अर्थ नाही. संघटनेनेही पुन्हा कधी अशी यादी काढली नाही. तरी तो 112 चा आकडा अजून भाषणांतून फिरतो. एकदा सुटलेला आकडा म्हणजे पारावरची अफवा, मागे कोण धावणार?

त्या अहवालाने एक गोष्ट मात्र बरोबर पकडली होती. आयुर्मान किती, बालमृत्यू किती याच्या जोडीला त्यांनी हेही विचारलं की आजारपणाचा खर्च कोणावर पडतो. गरिबाच्या घरातून त्याच्या ऐपतीच्या मानाने जास्त जातो का. हा प्रश्न नंतरच्या चर्चांत मागे पडला आणि 'कमी खर्चात चांगला निकाल' एवढंच उरलं. आपल्याकडे तर हे कौतुकाने सांगितलं जातं: अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या 17 टक्क्यांच्या आसपास आरोग्यावर उधळते, आपण 4 टक्क्यांच्या आत भागवतो. केंद्राच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे 2021-22 मध्ये देशाचा आरोग्यावरचा एकूण खर्च जीडीपीच्या 3.83 टक्के होता, त्यात सरकारचा वाटा 1.84 टक्के. एकूण खर्चातले 39.4 टक्के पैसे लोकांनी थेट खिशातून भरले. 2013-14 मध्ये हेच प्रमाण 64.2 टक्के होतं. सुधारणा झाली, हे नाकारण्यात हशील नाही.

पण त्या 39 टक्क्यांत माझ्या केसपेपरच्या मागचे फक्त 210 रुपये बसतात. बुडालेली मजुरी त्या लेख्यात येत नाही. सोबत्याचा दिवस येत नाही. दवाखान्यासाठी कापूस भाव पडलेला असताना विकला, त्यातला तोटा येत नाही, आणि सावकाराचं व्याज तर कुठल्याच वहीत येत नाही, त्याच्या स्वतःच्या वहीशिवाय. म्हणून जी व्यवस्था आपला खर्च लोकांच्या दिवसांवर ढकलते ती कागदावर स्वस्त दिसते. जितकी जास्त ढकलते तितकी कार्यक्षम दिसते. हा हिशेबातला दोष आहे, आणि तो मुख्यतः खेड्यातल्या माणसाच्या अंगावर येतो, कारण शहरातल्याला दवाखाना बंद दिसला तर तो चौक ओलांडून दुसरीकडे जातो.

अमेरिकेचं उदाहरण लोक दोन्ही बाजूंनी वापरतात. एवढा पैसा ओतूनही तिथलं आयुर्मान कोस्टारिकासारख्या कितीतरी कमी श्रीमंत देशाच्या मागे आहे, हे खरं. विमा कंपन्यांची कागदपत्रं, बिलं करणाऱ्यांची फौज, औषधांचे आणि शस्त्रक्रियांचे अवाच्या सवा दर ही त्यामागची कारणं सर्वांना ठाऊक आहेत. पण अमेरिकेत तरुण माणसं बंदुकीने आणि नशेच्या अतिसेवनाने मोठ्या संख्येने मरतात, ते खापर सगळं दवाखान्यांवर फोडता येत नाही. आपल्यालाही हे चांगलं समजायला हवं. 2017 च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो भरती झाले. ते मृत्यू आरोग्यव्यवस्थेच्या नावे लिहायचे, कृषी खात्याच्या की फवारणीचं औषध विकणाऱ्या दुकानांच्या? क्रमवारी लावणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. त्याच्याकडे जिल्ह्याचा एकच रकाना असतो.

मग कोणाशी तुलना करायची? श्रीमंत देशांचे नमुने पाहिले की पहिल्याच पायरीवर पाय अडखळतो. जर्मनीचा तेव्हाचा चान्सेलर बिस्मार्क याने 1883 मध्ये कामगारांसाठी आजारपणाचा विमा आणला. पगारातून हप्ता कापायचा, मालकाने आपला वाटा घालायचा. आजही त्या देशाची व्यवस्था त्याच कण्यावर उभी आहे. आपल्याकडे कारखान्यांतल्या कामगारांसाठी ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा कायदा 1948 मध्ये झाला, तो याच जातीचा. पण निंदण-वेचणी करणाऱ्या बाईचा पगार कुठून कापणार? तिला पगारपत्रकच नाही. तिच्या हाती पैसा येतो तो मोसमात, आणि आजार येतो तो मोसम पाहून येत नाही. उलट श्रावण-भाद्रपदात, घरात दाणा नसताना, तापाची साथ येते.

याचं उत्तर कोणीतरी आपल्याच मातीत शोधलं होतं, हे मला जर्मनीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी ज्वारीवर चालणारा आरोग्यविमा सुरू केला. पीक निघालं की गावकऱ्यांनी ज्वारी द्यायची आणि त्या बदल्यात वर्षभर दवाखान्यात सवलत मिळायची. सुगीत घरात दाणे असतात तेव्हाच हप्ता मागायचा, ही अक्कल कुठल्याही विमा कंपनीच्या पत्रकात मला दिसलेली नाही. आता आमच्या शिवारात ज्वारी दिसत नाही, सोयाबीन आणि कपाशीच आहे, तेव्हा ती योजना जशीच्या तशी उचलता येणार नाही. घ्यायचं ते एवढंच की पैसे कोणत्या महिन्यात मागता, हाही आरोग्यव्यवस्थेचाच भाग आहे. आणि हप्ता मागता येत नसेल तर करातून दवाखाना चालवा. देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी हे सुचवायला नेमलेल्या भोर समितीने 1946 मध्येच सांगितलं होतं की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहता कामा नये. त्यानंतर दोन वर्षांनी ब्रिटनने जुलै 1948 मध्ये ते करून दाखवलं.

ब्रिटनचं नाव काढलं की कोणीतरी म्हणतंच, तिथे तर वर्षभर रांगेत थांबावं लागतं. खरं आहे. 2023 मध्ये एकट्या इंग्लंडमधली प्रतीक्षायादी 75 लाखांच्या पुढे गेली. पण हा आकडा आपल्याला कळला कसा? ते लोक दर महिन्याला तो जाहीर करतात, वर्तमानपत्रं सरकारला झोडपतात, निवडणुकीत त्यावर मतं मागितली जातात. आमच्या तालुक्यात हर्नियाच्या ऑपरेशनसाठी किती माणसं ताटकळत आहेत, ते कुणाला माहीत आहे? रांग दिसत नाही म्हणजे नाही असं नाही. ती माणसं घरी खाटेवर आहेत.

मला आपल्यासाठी सगळ्यात जवळचा वाटतो तो थायलंड. 2002 मध्ये त्यांनी ज्यांना कुठलंच संरक्षण नव्हतं अशा सगळ्यांना आरोग्ययोजनेत घेतलं. योजनेचं कार्ड दाखवायचं आणि भेटीमागे 30 बाट (बाट हे तिथलं चलन) द्यायचे, बस. जगभर '30 बाट योजना' म्हणून तिचं नाव झालं. आपल्याकडे कौतुक होतं ते त्या कार्डाचं. त्याच्या आधीची तीस वर्षं कोणी सांगत नाही. 1972 पासून तिथे नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात सक्तीने काम करावं लागे. 1980 च्या दशकात सरकारने काही वर्षं शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांच्या बांधकामाचा पैसा रोखून तो तालुक्याच्या रुग्णालयांकडे आणि गावच्या आरोग्य केंद्रांकडे वळवला. म्हणजे कार्ड हातात पडलं तेव्हा ते दाखवायला जवळ दवाखाना होता, दवाखान्यात माणूस होता.

दुसरी गोष्ट अधिक कामाची आहे. त्या योजनेत बाहेरून तपासून जाणाऱ्या पेशंटांसाठी तालुक्याच्या रुग्णालयाला पैसे मिळतात ते भागातल्या नोंदलेल्या माणसामागे, वर्षाचे ठरावीक. पेशंट कितीदा आला यावर ते अवलंबून नाहीत. साध्या भाषेत, मोठ्या आईला तीनदा बोलावलं तर तिथे तो रुग्णालयाचा तोटा. इथे तो मोठ्या आईचा तोटा आणि रुग्णालयाच्या अहवालात नफा. माझ्या मते दोन देशांच्या आरोग्यव्यवस्थांमधला खरा फरक हा आहे, बाकीचं सगळं त्यानंतर. थायलंडचं सगळं गोड आहे असंही नाही. रुग्णालयं तोट्यात गेली, गर्दी वाढली, बरेच डॉक्टर बँकॉकच्या खाजगी दवाखान्यांत निघून गेले. पण हेलपाट्याची किंमत कोणी भरायची, हे त्यांनी ठरवलं होतं.

आपण काय केलं? आधी कार्ड दिलं. राज्याची जीवनदायी योजना 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, गडचिरोली आणि अमरावती त्यात होते. पुढे ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालू राहिली. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान आली. आता पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तिची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. आमच्या गावातल्या एका पोराच्या हृदयाचं ऑपरेशन याच योजनेतून झालं. त्याच्या बापाने नाहीतर दोन एकर विकलं असतं. पण ही योजना भरती झाल्यावर जागी होते. दर महिन्याच्या गोळ्या, ताप, रक्ततपासणी यातलं काही त्यात नाही. आणि खेड्यातलं घर खचतं ते बहुधा या चिल्लर खर्चानेच. शुगरची तीन रुपयांची गोळी वेळेवर मिळाली नाही म्हणून पाय काळा पडतो, आणि तो कापायची वेळ आली की पाच लाखांचं कार्ड उघडतं. याला कार्यक्षमता म्हणायचं असेल तर शब्दकोश बदलावा लागेल.

गोळ्यांच्या बाबतीत तर बँकॉकलाही जायला नको, चेन्नई पुरे. तमिळनाडूने 1990 च्या दशकाच्या मध्यापासून सरकारी औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ चालवलं. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं, आणि प्रत्येक दवाखान्याचं बँकेसारखं पासबुक: इतक्या रकमेची औषधं तुमच्या नावे आहेत, लागेल तशी उचला. आपण राज्याच्या हाफकिन महामंडळामार्फत खरेदी करून पाहिली, ती रेंगाळली, आणि 2023 मध्ये वेगळं प्राधिकरण काढलं. निदान तीस वर्षांनी का होईना, दिशा तीच. गावाच्या उपकेंद्रात शुगरचं मेटफॉर्मिन आणि बीपीचं अॅम्लोडिपिन पोचलं की नाही, एवढंच मला त्या प्राधिकरणाला विचारायचं आहे.

गडचिरोलीचा उल्लेख केल्याशिवाय विदर्भात हा विषय संपत नाही, आणि तो मी नेहमीच्या अभिमानाने करणार नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातलीच थोडी शिकलेली बाई, तिला प्रशिक्षण, खांद्याला पिशवी, त्यात वजनकाटा, थर्मामीटर, औषधं. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला: नवजात मृत्यूंत 62 टक्के घट, खर्च दर बाळामागे 5.3 डॉलर. जगात कार्यक्षमतेवर कुठेही व्याख्यान झालं तर हे उदाहरण शोभेल. पुढे हीच पद्धत 2011 पासून देशभर आशांकडे, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांकडे दिली गेली.

अभिमान इथेच अडखळतो, कारण प्रयोगातली स्वस्ताई सरकारने फार लवकर शिकून घेतली. आशा ही 'स्वयंसेविका' आहे, कर्मचारी नाही. थोडं ठरावीक मानधन सोडलं तर तिला कामागणिक मोबदला: बाळंतपणाला नेलं, इतके, लसीकरण केलं, इतके. रात्री दोन वाजता बाळंतीणीबरोबर गाडीत बसून तालुक्याला जाणारी, सकाळी ताटकळत थांबलेली आशा मी पाहिली आहे. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा सन्मान केला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर होत्या. भारताची व्यवस्था स्वस्त आहे असं म्हणताना त्या बाईचे न दिलेले तास आपण फुकटात मोजत असतो. मोठ्या आईच्या सुनेचा दिवस आणि आशेची रात्र, दोन्ही एकाच रकान्यातली वजाबाकी आहे.

सरकारी डॉक्टरांना शिव्या देऊन हा लेख संपवता आला असता. दांड्या मारणारे आहेत, हेही मला माहीत आहे. पण निकष पाहा: सपाट भागात 30,000 लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथल्या एका-दोघा डॉक्टरांनी ओपीडी पाहायची, बाळंतपणं करायची, विहिरीत पडलेल्याचं शवविच्छेदन करायचं, दर आठवड्याला जिल्ह्याच्या बैठकीला जायचं आणि रात्री डझनभर अॅपमध्ये माहिती भरायची. त्या माहितीत पेशंटचे हेलपाटे सोडून सगळं असतं. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2017 मध्ये म्हटलं होतं की 2025 पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. कोविडच्या काळातही तो दोनच्या आत राहिला.

पैसा वाढेल तेव्हा वाढो. बिनपैशाची एक गोष्ट उद्या करता येईल. शुगर-बीपीच्या ज्या पेशंटची प्रकृती स्थिर आहे, त्याला एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या द्या. एचआयव्हीच्या पेशंटांना कोविडच्या काळात आपल्याच देशात अशा एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या दिल्या गेल्या, काही बिघडलं नाही. गोळ्या तेवढ्याच लागतील, खर्च तेवढाच. महिन्याला एक धरला तरी वर्षाचे बारा हेलपाटे चारवर येतील, सुनेचे आठ दिवस वाचतील, डॉक्टरांसमोरची गर्दी ओसरेल. मग मी एका ओळखीच्या आरोग्य कर्मचाऱ्याला विचारलं की हे का होत नाही. ते हसले. म्हणाले, "सर, ओपीडी कमी झाली तर वरून विचारतेत, पेशंट कुठं गेले म्हणून."

तिसऱ्या फेरीत मिळालेल्या पंधरा दिवसांच्या गोळ्या बुधवारी संपतात. सुनेने आतापासूनच सांगून ठेवलं आहे की या वेळी ती येणार नाही, बुधवारी पाटलाच्या वावरात वेचणी लागली आहे. तेव्हा साडेसातच्या एसटीने मोठ्या आईसोबत मी जाणार आहे.